सव्वा क्विंटल तोंडपाठ, मग ५/४ ला पोरं का अडतात?

यवतमाळ : कापूस पिकवणाऱ्याच्या सहावीतल्या पोराला 'सव्वा क्विंटल म्हणजे किती किलो' असं विचारा. पेन न उचलता तो सव्वाशे सांगतो. पावणे दोनशे रुपये आण म्हटलं तर १७५ मोजून हातावर ठेवतो. त्याच पोरासमोर फळ्यावर ५/४ लिहा. 'पाच छेद चार' असं वाचतो बरोबर, पण ही संख्या एकापेक्षा मोठी की लहान, हे विचारलं की मान खाली जाते. ५/४ म्हणजेच आपला सव्वा, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

हे एका गावचं किंवा एका शाळेचं दुखणं नाही. 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर झालं. ७८१ जिल्ह्यांतल्या ७४ हजारांवर शाळांमधल्या तिसरी, सहावी आणि नववीच्या २१ लाखांवर मुलांनी ही चाचणी दिली. सहावीचं भाषेचं सरासरी ५७ टक्के आलं, गणिताचं ४६. त्यातही अर्धा, पाव, पाऊण असे रोजच्या वापरातले अपूर्णांक दाखवणं आणि त्यांची तुलना करणं फक्त २९ टक्के मुलांना जमलं. म्हणजे शंभरातल्या ७१ पोरांना पाव मोठा की अर्धा, हे कागदावर सांगता येत नाही. 'असर' २०२४ चा अहवाल ग्रामीण भागापुरता आहे. त्यात आठवीतल्या ४५.८ टक्के मुलांनाच तीन अंकी संख्येला एका अंकाने भागता आलं. अपूर्णांक हा भागाकाराचाच भाऊ. एक कच्चा राहिला की दुसरा पक्का होत नाही.

'पोराचं गणितात डोकंच नाही' असं म्हणून विषय मिटवता येतो. पण हा हिशेब पुढं शेतातही येतो आणि बाजारातही.

सीसीआयच्या खरेदीत कापसाचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव. त्यावर १२ टक्क्यांपर्यंत, जेवढे टक्के जास्त तेवढे टक्के भाव कमी. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये आहे. ओलावा १० टक्के निघाला तर ८,११० चे २/१०० कापले जातात, म्हणजे क्विंटलमागे १६२ रुपये २० पैसे. पंधरा क्विंटलला २,४३३ रुपये. पट्टी बरोबर आहे की नाही, हे ज्याला तिथंच उभं राहून पाहता येतं तो विचारतो. बाकीचे पट्टी घडी करून खिशात घालतात.

फवारणीचंही तसंच. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत औषधाचं प्रमाण बहुतेक वेळा १० लिटर पाण्याला दिलेलं असतं आणि पाठीवरचा पंप असतो १५ लिटरचा. १० लिटरला २० मिली असेल तर पंपाला दीडपट, ३० मिली. हा दीडचा गुणाकार ज्याला येत नाही तो झाकणानं अंदाज करतो. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० पेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्याची कारणं अनेक होती, जहाल औषधं, औषधांची मिसळ, डोक्याएवढं वाढलेलं पीक, अंगावर संरक्षणाचं काही नसणं. ते पाप अपूर्णांकाच्या माथी मारता येणार नाही. पण डब्यावरचं प्रमाण वाचून ते पंपाला लावता येणं, एवढं तरी सातवी-आठवी झालेल्या पोराकडून घरानं अपेक्षित धरलं तर चूक काय?

घरात ओळखीचा, वहीत परका

मराठीत अपूर्णांकाला स्वतःची नावं आहेत. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. इंग्रजीत दीडला एका शब्दाचं नाव नाही, 'एक आणि अर्धा' म्हणावं लागतं. जुनी मापं तर अर्ध्या-अर्ध्यानंच उतरायची. पायलीत चार शेर, शेराचं अर्धं मापटं, मापट्याचं अर्धं चिपटं, चिपट्याचं अर्धं कोळवं. रुपयाचे सोळा आणे. जुन्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो-लिटर आले, आणि हे पाढे हळूहळू अंकलिपीतून आणि तोंडातूनही गेले.

म्हणून जुनी शाळाच बरी होती, असं काही नाही. त्या शाळेत पोरी किती होत्या, पोडावरची आणि तांड्यावरची लेकरं किती होती, हे आठवून पाहावं. आणि ज्यांनी पाढे घोकले त्या सगळ्यांना त्यातलं गणित कळलं होतं असंही नाही. पण एक गोष्ट त्या पाढ्यांत होती. तोंडातला शब्द आणि हिशेबातला आकडा एकच होता. आता पोरगं घरी 'पाऊण' म्हणतं आणि शाळेत 'तीन छेद चार'. दोघांची गाठ कुठंच पडत नाही.

या शब्दांत अपूर्णांकाची खरी किल्लीही लपलेली आहे. सव्वाशे म्हणजे शंभरावर २५. सव्वा हजार म्हणजे हजारावर २५०. दोन्हीकडे 'पाव'च वाढला, पण एकदा तो २५ झाला, एकदा २५०. का? कारण पाव नेहमी कशाचा तरी असतो. 'कशाचा पाव?' हा प्रश्न पोरांच्या डोक्यात बसला की अर्धं काम झालं. आणि पोरांच्या बहुतेक चुका हा प्रश्न विसरल्यानंच होतात.

तीन भाकरी, चार पोरं

गटातून शिकवण्याचा उपयोग होतो तो इथं. चार-चार पोरांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला कागदाच्या तीन गोल भाकरी द्यायच्या. चौघांत सारख्या वाटा. कात्री आहे, नियम एकच, कोणाला कमी-जास्त येता कामा नये.

असं काम दिलं की दोन तऱ्हा निघतात. काही गट प्रत्येक भाकरीचे चार तुकडे करतात आणि प्रत्येकाला तीन-तीन पाव देतात. काही गट आधी दोन भाकरींचे चार अर्धे करतात, एकेक अर्धा वाटतात, मग उरलेल्या भाकरीचे चार पाव. आता भांडण लागतं. एका गटाच्या पोराकडे तीन तुकडे, दुसऱ्याकडे दोनच. जास्त कोणाला? तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले की कळतं, सारखंच आहे. अर्धा आणि पाव मिळून पाऊण. १/२ + १/४ = ३/४ हे समच्छेदाचा नियम फळ्यावर येण्याआधीच पोरांच्या हातात आलेलं असतं. मास्तरांनी मग फक्त ते लिहायचं, आणि म्हणायचं की याला वहीत असं लिहितात.

इथून पुढं प्रश्न वाढवता येतात. आठ पोरांत सहा भाकरी दिल्या तर वाटा बदलेल का? नाही, पाऊणच. म्हणजे ६/८ आणि ३/४ सममूल्य, आणि हे पाठ करायची गरज पडली नाही. तीन पोरांत दोन भाकरी आणि चार पोरांत तीन भाकरी, कोणत्या गटात बसायला परवडेल? हुशार पोरं इथं छेद सारखा करायला धावतात. पण एखादं मागच्या बाकावरचं पोरगं म्हणतं, 'तिथं प्रत्येकाला एका भाकरीत एक-तृतीयांश कमी पडते, इथं एक-चतुर्थांशच कमी पडते, मग इथं जास्त.' हा विचार कोणत्याही नियमापेक्षा खोल आहे, आणि तो बोलायला मिळाला तरच बाहेर येतो. फळ्याकडे तोंड करून बसलेल्या वर्गात तो कधीच येत नाही.

छेद मोठा दिसला की अपूर्णांक मोठा वाटतो, ही चूक जगभरची आहे. अमेरिकेत ए अँड डब्ल्यू या हॉटेल साखळीनं १९८० च्या दशकात एक-तृतीयांश पौंडाचा बर्गर काढला. मॅकडोनाल्डच्या पाव पौंडापेक्षा मोठा, भाव तोच. तरी तो चालला नाही. लोकांना विचारलं तेव्हा निम्म्याहून जास्त जण म्हणाले, तीनपेक्षा चार मोठे, मग आम्ही जास्त पैसे कशाला देऊ? साखळीच्या मालकानं स्वतःच पुस्तकात ही गोष्ट सांगितली आहे. तेव्हा आपल्या पोरांनी १/८ ला १/४ पेक्षा मोठं म्हटलं तर त्यात लाजायसारखं काही नाही. तुकडे हातात आले की ते दुरुस्त होतं.

मात्र भाकरी सगळीकडे पुरत नाही. गोल कागदाचे तीन सारखे भाग करणं मोठ्यांनाही जमत नाही, आणि एका भाकरीच्या चार तुकड्यांतून पाच तुकडे कोणी कसे देणार? ५/४ तिथंच अडतो. त्यासाठी पट्ट्या बऱ्या. जुन्या वहीच्या कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापायच्या आणि घड्या घालायच्या, दोन, तीन, चार, सहा, आठ. मग १/२ + १/३ विचारायचं. बरीच पोरं वरचे वर आणि खालचे खाली मिळवून २/५ सांगतात. चूक म्हणायची नाही. पट्टीवर २/५ दाखवायला सांगायचं. ते अर्ध्यापेक्षा कमी भरतं. अर्ध्यात आणखी काही टाकलं आणि ते अर्ध्याहून कमी कसं झालं? हा प्रश्न गटाला पाच मिनिटं दिला तर पुढची पाच वर्षं ती चूक सहसा होत नाही. लाल शाईची फुली मारली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा होते.

मैदानही वापरता येतं. चुन्यानं एक लांब रेघ मारायची, सारख्या पावलांवर शून्य, एक, दोन. एका पोरीला ३/४ वर उभं करायचं, दुसरीला ५/४ वर, तिसरीला दीडवर. ५/४ वाली एकच्या पुढं उभी राहिली की सव्वा आणि ५/४ एकाच जागेवर येतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात के. सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच धरून काम केलं आहे. अपूर्णांक वाटणीतूनही शिकवावा आणि मोजणीतूनही, दोन्ही एकमेकांना जोडून. नुसत्या वाटणीनं पोरं तुकड्यात अडकतात, नुसत्या मोजणीनं अर्थ सुटतो.

एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या गणिताच्या पुस्तकातही अपूर्णांकाची सुरुवात रोटीच्या वाटणीनंच आहे. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात 'अपूर्णांकावरील क्रिया' हा धडा आहे. पुस्तकात चित्रं आहेत, उदाहरणं आहेत. कमी पडतं ते पुस्तकाबाहेर.

गट केला की शिकणं झालं, असं नाही

'ज्ञानरचनावाद' हा शब्द गेल्या दहा वर्षांत जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत पोचला. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर फरशीवर रंगवलेली चित्रं, भिंतीवरचे तक्ते, लोकवर्गणीतून आलेलं साहित्य, सगळं गावोगावी झालं. त्यातून काही शाळा खरोखर बदलल्या. पण तक्ता भिंतीवर लागला म्हणून तो पोराच्या डोक्यात गेला, असं धरून चालण्याची सवयही लागली. पाहणीला येणाऱ्याला तक्ता दिसतो, पोरांचं आपसातलं बोलणं दिसत नाही.

गटात काय बिघडतं, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. सहा जणांचा गट केला की कात्री एकाच्या हातात, बाकीचे पाहणारे. पोरी वहीत उतरवून घेतात, पोरं कापतात. हुशार पोरगं उत्तर सांगून मोकळं होतं आणि गट शांत. यावर उपाय साधे आहेत. गट चारपेक्षा मोठा नको. साहित्य गटातल्या कच्च्या पोराच्या हातात द्यायचं. उत्तर कोण सांगणार हे चिठ्ठी काढून ठरवायचं, म्हणजे प्रत्येकाला समजून घ्यावंच लागतं. आणि सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट, तास संपायच्या आधी दहा मिनिटं राखून जे हातानं केलं ते आकड्यात लिहायचं. ते राहिलं तर पोरं घरी जाऊन सांगतात, आज कागद कापले. काय शिकलो, हे सांगता येत नाही.

पोडावर आणखी एक पेच आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव, घाटंजी या भागात घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी लेकरं आहेत, तांड्यावर गोरमाटी आहे. त्यांच्यासाठी 'पाऊण' हाही कधी कधी शाळेतलाच शब्द असतो. म्हणून वर जी मराठीची थोरवी सांगितली ती सगळ्यांना सारखी लागू नाही. तिथल्या वर्गात पहिला प्रश्न हाच असायला हवा, तुमच्या घरी अर्ध्याला काय म्हणतात? मोहफुलं मोजताना, डिंक वाटताना आई काय बोलते? तो शब्द आधी फळ्यावर, मग अर्धा, मग १/२.

हातात वेळ किती, मास्तर किती

इथं खरी अडचण सुरू होते. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक आणि गणित-विज्ञानाला किमान एक शिक्षक हवा. दुसरीकडं १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयानं याच वर्गांची पदं पटाशी आणखी घट्ट बांधली. वीसपेक्षा कमी पटाच्या वर्गांचं काय होणार, यावरून शिक्षक संघटना आंदोलनाला उतरल्या. गावातल्या पालकाला हे 'मास्तरांचं भांडण' वाटतं. ते पोरांच्या गणिताचंही आहे.

उलट पाहिलं तर बारा-पंधरा पोरांचा वर्ग म्हणजे गटानं शिकवायला सोन्यासारखी जागा. तीन-चार गट, शिक्षक प्रत्येकाजवळ दोनदा जाऊन येऊ शकतो. शहरातल्या साठ पोरांच्या वर्गाला हे नशिबी नाही. आपल्या जिल्ह्यात असे छोटे वर्ग भरपूर आहेत. पण पट कमी म्हणून गणिताचा शिक्षक नाही, आणि जो आहे तो सहावी-सातवी एकत्र घेऊन ऑनलाइन माहिती भरत बसलेला. जिथं हे शिकवणं सगळ्यात सोपं होतं तिथंच ते होत नाही, याला काय म्हणावं?

पायाभूत शिक्षणाची 'निपुण भारत' मोहीम ५ जुलै २०२१ ला सुरू झाली, तिचा जोर तिसरीपर्यंत आहे. तो हवाच. पण कोविडमध्ये जी पोरं पहिली-दुसरीत घरी बसली तीच आज सहावी-सातवीत आहेत. त्यांचा भागाकार राहून गेला आणि समोर अपूर्णांक आला. त्यात वेचणीचे दिवस आले की मोठी पोरं-पोरी शेतात, पुसद-उमरखेड-महागावकडच्या तांड्यांवरून काही घरं ऊसतोडीला. धडा त्या दिवसांत झाला तर तो त्यांच्यापुरता झालाच नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एवढं जरी ठरलं की अपूर्णांक वेचणीच्या आधी घ्यायचा किंवा नंतर दुसऱ्यांदा घ्यायचा, तरी फरक पडेल. त्याला वेगळा निधी लागत नाही.

घरच्यांना सरळ दिसेल असा एक तोटा आहे, तो शिष्यवृत्तीचा. आठवीत होणाऱ्या एनएमएमएस परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार, चार वर्षांत ४८ हजार रुपये. त्यात गणिताचे वीस प्रश्न असतात, आणि अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, नफा-तोटा सुटल्याशिवाय त्यातले निम्मेही सुटत नाहीत.

शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचं बहुमत असतं. बहुतेक बैठका शौचालय, कुंपण आणि सहलीवर संपतात. शिकवण्यात नाक खुपसायचं नाही म्हणून पालक गप्प राहतात, तेही एका अर्थी बरोबर. पण पोषण आहाराचा हिशेब पाहणं हे समितीचं कामच आहे. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. डाळ २० ग्रॅम आणि ३० ग्रॅम. दोन्हीकडे बरोबर दीडपट. समजा शाळेत खाली २० पोरं आणि वर १२ हजर आहेत. तर तांदूळ २ किलो अधिक १ किलो ८०० ग्रॅम, एकूण ३ किलो ८००. डाळ ४०० अधिक ३६०, ७६० ग्रॅम. हा हिशेब रोज सहावीच्या एका गटानं हजेरी घेऊन फळ्यावर मांडायचा, दुसऱ्या गटानं तपासायचा, तिसऱ्यानं ताईंना सांगायचा. दहा मिनिटांचं काम. हजेरी रोज बदलते, त्यामुळे उत्तर पाठ करता येत नाही. आणि समितीच्या बैठकीत नोंदवहीतला आकडा आणि पोरांनी मांडलेला आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहता येतो.